औत सोडायचा वार

आमच्या आजोबांना सोमवार आधी कळला, रविवार फार नंतर.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात ते सालगडी होते. वर्षाचं ठरलेलं धान्य, दोन जोडी कपडे, एक वहाणजोड आणि मालकाच्या गोठ्याशेजारी झोपायला जागा. सोमवार हा बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार, त्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा आमच्या भागातला जुना दंडक. घर मराठी असो की कानडी, सोमवारी औत धरणाऱ्याला गाव नावं ठेवी. बैल त्या दिवशी धुतल्या अंगानं गोठ्यात रवंथ करत बसत. गड्याला मात्र त्या दिवशी जास्तच काम. शेण काढायचं, गवताचे भारे आणायचे, लाकडं फोडायची, फुटलेले बांध घालायचे. "सोमवारी बैल बसून खायचे, मी उभ्यानं," असं आजोबा सांगत. त्या सांगण्यात तक्रार नसे. जग असंच असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

ख्रिस्ती धर्म सांगणारी लंडन मिशनची माणसं बेळगावात 1820 साली आली आणि 1904 साली ते काम मेथडिस्ट पंथाच्या लोकांकडे गेलं. आजोबांच्या खेड्यापर्यंत ते पोचलं ते सायकलवरून येणाऱ्या एका उपदेशकाच्या रूपानं. तो संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात शास्त्र वाची. आजोबांना अक्षर येत नव्हतं. एकदा त्यानं बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची आज्ञा वाचली. सातव्या दिवशी कोणतंही काम करू नको, तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझा गाढव, तुझी बाकीची जनावरं, आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरी. आजोबांनी त्याला थांबवलं. परत वाचा म्हणाले. परत वाचून झालं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली, "गड्याचं नाव बैलाच्या अगोदर हाय?"

ते कुटुंब ख्रिस्ती का झालं याची घरात वेगवेगळी कारणं सांगितली जातात. मला वाटतं, खरं कारण हे.

शब्बाथ म्हणजे काय, हे बेळगावकडच्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे गावं अजून वार पाळतात. देवीच्या नावानं काही मंगळवार किंवा शुक्रवार ठरतात, गावभर सांगितलं जातं, आणि त्या दिवशी कुणी शेतात पाऊल टाकत नाही. एकट्यादुकट्यानं घरी बसणं वेगळं आणि सगळ्या गावानं मिळून हात थांबवणं वेगळं. वार पाळणुकीच्या दिवशी गावात चालून बघावं. ओसरीवर माणसं बसलेली असतात, एकमेकांकडे बघायला त्यांना सवड असते. मी लहानपणी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि शब्बाथ हा शब्द ऐकला की आज्ञा जिथं मिळाल्या त्या सिनाय पर्वताच्या आधी मला ती ओसरीच दिसते. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत हा शब्द घरातलाच आहे. रविवारी मुलांचा जो वर्ग भरतो त्याला आम्ही शब्बाथशाळा म्हणतो. कानडी उपासनेला जाणारी माझी मैत्रीण सब्बत् म्हणते. वार तिचाही रविवारच.

दहा आज्ञा शास्त्रात दोन ठिकाणी आल्या आहेत, आणि शब्बाथाचं कारण दोन्हीकडे वेगवेगळं आहे. 'निर्गम' या पुस्तकात म्हटलं आहे, देवानं सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तूही घे. अनुवादात म्हटलं आहे, तू मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास होतास आणि देवानं तुला तिथून बाहेर काढलं, याची आठवण ठेव. तुझ्याप्रमाणे तुझ्या दासाला आणि दासीलाही विसावा मिळावा. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बहुधा पहिलं कारण सांगतात. ते सुंदर आहे आणि कुणाला बोचत नाही. दुसरं बोचतं. मिसरात इस्राएल लोक विटा पाडत होते. तिथल्या राजानं, फारोनं, त्यांना विटांसाठी लागणारं गवत द्यायचं बंद केलं, गवत तुम्हीच गोळा करा म्हणाला, आणि विटांचा आकडा मात्र एकानंही कमी केला नाही. आमच्या भागात वीटभट्ट्या पुष्कळ. ज्यानं भट्टीवर राबणारं कुटुंब पाहिलं आहे, आई, बाप आणि चिखल तुडवणारी मुलं, त्याला मिसर समजायला नकाशा लागत नाही. ज्याच्या आयुष्यात कधी थांबण्याचा दिवसच आला नव्हता, त्याला देव पहिल्यांदा म्हणतो, थांब. आणि लगेच म्हणतो, आता तुझ्या हाताखाली जो आहे, त्यालाही थांबू दे.

मराठीत आपण सुटी म्हणतो. शब्द सुटण्यातून आला आहे. शाळा सुटते, गिरणी सुटते, औत सुटतं. सुटी आणि सुटका या एकाच घरच्या बहिणी. मला हे फार उशिरा ध्यानात आलं, आणि आल्यापासून अनुवादाचा तो अध्याय मी मराठीतूनच वाचते. इंग्रजी बायबल उपदेशाच्या तयारीला घेतात, घेऊ देत. सुटीत सुटका ऐकू येते ती आपल्याच भाषेत.

पण पावसाचं काय करायचं? हा प्रश्न आमच्या घरात दरवर्षी जुलैत उभा राही. खानापूरकडचं शेत म्हणजे भात. रोप तयार झालं, चिखल झाला, पाणी साचलं की लावणीला दोन दिवसही थांबून चालत नाही. नेमका रविवारी पाऊस बरा लागला तर चर्चला जायचं की शेतात? निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे, नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही विसावा घ्यावा. उलट, रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन यानं इसवी सन 321 मध्ये रविवार सुटीचा ठरवला, तेव्हा न्यायालयं आणि शहरातले धंदे बंद ठेवायला सांगितले, पण शेतकऱ्याला मोकळीक दिली. पेरणीची नेमकी वेळ हातची गेली तर आकाशानं दिलेलं वाया जाईल, असा त्याचा विचार होता. आजोबांना कॉन्स्टंटाइनचं नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. पुढे ते वाट्यानं शेत करू लागले तेव्हाही लावणीच्या रविवारी ते पहाटे प्रार्थना करून चिखलात उतरत, आणि बुधवारी, काम उरकल्यावर, अर्धा दिवस काहीही न करता बसत. "देवाचा वार उसना घेतला होता, परत केला," म्हणत. धर्मशास्त्राच्या दृष्टीनं हे कितपत बसतं, मी सांगू शकत नाही. मला मात्र त्यात देवाशी केलेला अत्यंत प्रामाणिक व्यवहार दिसतो.

मी स्वतः नर्स होते. चौतीस वर्षं. नर्सला रविवार नसतो. रोगी वार बघून आजारी पडत नाही. माझा वीकली ऑफ कधी मंगळवारी, कधी गुरुवारी. शनिवारी नाईट असली की रविवारी सकाळी आठला वॉर्ड सोडायचा, पिशवीतली साडी बदलायची आणि थेट चर्च गाठायचं. उपदेश सुरू झाला की डोळे मिटायचे, ते प्रार्थनेत नव्हे. एका पाळकांनी एकदा उपदेशातून, नाव न घेता पण माझ्याकडे बघत, देवाच्या घरी येऊन झोपणाऱ्यांना फटकारलं होतं. त्या रात्री माझ्या वॉर्डात दोन माणसं गेली होती. मी कुणाला काही बोलले नाही. घरी येऊन रडले.

पुष्कळ वर्षांनी मला कळलं की पहिल्या ख्रिस्ती लोकांचा रविवार माझ्या रविवारासारखाच होता. प्रभू आठवड्याच्या पहिल्या दिवशी कबरेतून उठला म्हणून ते त्या दिवशी एकत्र येऊ लागले. भाकर मोडण्यासाठी पहिल्या दिवशी जमल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत आहे, आणि प्रकटीकरणात त्याला प्रभूचा दिवस म्हटलं आहे. पण तो सुटीचा दिवस नव्हता. त्यांच्यात दास-दासी पुष्कळ, मालक काही सुटी देत नव्हता. प्लिनी नावाच्या रोमन सुभेदारानं इसवी सन 112 च्या सुमारास सम्राटाला कळवलं होतं की, ही माणसं एका ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. उजाडण्यापूर्वी, कारण उजाडल्यावर कामाला जायचं असे. जवळजवळ तीनशे वर्षं रविवारी उपासना होती, सुटी नव्हती. कॉन्स्टंटाइननं दोन्ही एकत्र आणलं, आणि तेव्हापासून आपण समजतो की ती दोन्ही एकच आहेत. अर्धवट झोपेत, पाय सुजलेले, स्तोत्र म्हणत मागच्या बाकावर बसलेल्या कुणा दासीशेजारी मला जागा मिळाली असती, या विचारानं मला किती धीर आला, सांगता येत नाही.

माझ्याबरोबर वॉर्डात एक मुसलमान नर्स होती. माझी रविवार सकाळची ड्यूटी ती कितीतरी वेळा स्वतःहून घेई. रमजानमध्ये संध्याकाळची तिची ड्यूटी मी घेई, म्हणजे तिला रोजा घरी सोडता येई. हिशेब कधी लिहून ठेवला नाही. मी चर्चमध्ये गात असताना ती माझ्या रोग्यांची सलाइन बदलत असे. माझा प्रभूचा दिवस तिच्या हातांवर उभा होता. हे मला तेव्हा फक्त मैत्री वाटलं. आता वाटतं, तो शब्बाथच होता. विसावा आपणहून होत नाही. कुणीतरी तो आपल्याला द्यावा लागतो.

आणि सरकार देतं, तोही कुणीतरी भांडून मिळवलेला असतो. बेळगावात रविवार पेठ आहे, आणि मंगळवारपासून शनिवारपर्यंत बहुतेक वारांच्या नावानं कुठली ना कुठली पेठ किंवा खूट, म्हणजे चौक, आहे. पण रविवारची सुटी पेठेनं दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली आणि 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मांडलं होतं. आम्ही ख्रिस्ती लोक समजतो की रविवार आमचा, साहेबानं आणला. साहेबानं तो स्वतःपुरता आणला होता. तो गिरणीतल्या माणसापर्यंत नेला तो फुल्यांच्या शिष्यानं. अनुवादाच्या पाचव्या अध्यायातलं दुसरं कारण त्यांना, न वाचताही, नेमकं कळलं होतं, असं मी मानते.

शनिवार की रविवार, हा वाद मी टाळत नाही, पण त्यात फार रमतही नाही. माझ्या नात्यात एक घर ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं आहे. ते शनिवार पाळतात, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून. सातवा दिवस म्हणजे सातवाच, तो बदलायचा अधिकार कुणाला, हा त्यांचा प्रश्न साधा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. प्रेषित पौलानं रोमकरांस लिहिलं, कुणी एक दिवस दुसऱ्या दिवसापेक्षा अधिक मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकानं आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. मी त्यावर टेकते. पण त्यांच्या घरी मी एक गोष्ट शिकले, ती मला आमच्या मंडळीत कुणी शिकवली नव्हती. शुक्रवारी दुपारपासून ते तयारी करतात. दोन वेळचा स्वयंपाक, कपड्यांना इस्त्री, झाडलोट, सगळं. सूर्य मावळला की घर थांबतं. रानात इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे आकाशातून अन्न, पडत होता तेव्हाही सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञा होती. विसाव्याची तयारी करावी लागते. तयारी केली नाही तर विसावा नाहीसा होत नाही, तो फक्त घरातल्या एकाच माणसाच्या वाट्याला येतो आणि त्याचं ओझं दुसऱ्याच्या.

आमच्या घरी ते दुसरं माणूस आई होती.

आमचा रविवार म्हणजे मटण. चर्चहून येताना वडील कुणाला ना कुणाला जेवायला घेऊन येत. पाहुणचार हा आमच्या घराचा अभिमान होता. सकाळी पाच वाजता आई वाटण वाटायला बसे. आठ वाजता भाकरीचं पीठ, मग आमच्या वेण्या, वडिलांचा सदरा, आणि मग चर्च. बायकांच्या बाजूला, मागच्या दाराजवळ ती बसे. उपदेश संपत आला, अर्पण फिरू लागलं की ती उठे आणि मागच्या मागे घरी जाई. भात लावायचा असे. तिच्यासारख्या आणखी पाच-सहा जणी असत. शेवटचं गीत सुरू झालं की ते मागचं बाक रिकामं. आम्हाला त्यात कधी काही वाटलं नाही.

एका रविवारी आज्ञांचं वाचन झालं. दुपारी भांडी घासताना आई मला म्हणाली, "मुलगा हाय, मुलगी हाय, दासी हाय, बैल हाय, गाढव हाय. मी कुठं हाय गे यात?"

मी तेव्हा नर्सिंगला होते, शब्बाथशाळेत शिकवत होते, मला उत्तर यायला हवं होतं. पुढे अभ्यासकांचं म्हणणं वाचलं, की आज्ञेतल्या 'तू'मध्ये नवरा आणि बायको दोघंही धरलेली आहेत, म्हणून बायकोचा वेगळा उल्लेख नाही. ते पटण्यासारखं आहे. पण आमच्या घरातल्या 'तू'मध्ये ती नव्हती, हेही तितकंच खरं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एक बाई येते, अठरा वर्षं वाकलेली, सरळ उभं राहता न येणारी. येशू तिला शब्बाथाच्या दिवशी बरी करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो, कामाला सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा, म्हणतो. येशू त्याला विचारतो, तुमच्यापैकी प्रत्येक जण शब्बाथाच्या दिवशी आपला बैल किंवा गाढव दावणीवरून सोडून पाण्याला नेत नाही काय? मग या बाईला तिच्या बंधनातून सोडायला नको होतं काय? पुन्हा बैल. पुन्हा सोडणं. आजोबांचा सोमवार आणि आईचा रविवार या एका वाक्यात एकमेकांसमोर येऊन उभे राहतात, आणि मला ते वाचताना अजून थांबावं लागतं. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही, हे वचन आम्ही मोकळीक म्हणून वापरतो. चर्चला नाही गेलं तरी चालतं, अशा अर्थानं. ते मोकळीक देतं खरं, पण कुणाला, हे आधी बघायला हवं.

आईची पाठ साठीनंतर वाकली. हाडं झिजली होती. नर्स असून माझ्या ते लक्षात यायला उशीर झाला. त्यानंतर घरी आम्ही ठरवलं, रविवारी चूल पेटवायची नाही. शनिवारी संध्याकाळी मी, भाऊ आणि वहिनी मिळून सगळं करून ठेवायचं. भाकऱ्या, आमटी, चटणी. पाहुणा आला तर त्यानंही तेच खायचं. वडिलांना हे जड गेलं. शिळ्या भाकरीवर कुणाला कसं बसवायचं, म्हणाले. काही रविवार ते रुसून बसले, मग एकदा स्वतःच पाहुण्यांना ताट वाढलं. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही रविवारी सुटी दिली, पगार न कापता. त्या पहिल्या महिन्यात दोनदा रविवारी येऊन दारात उभ्या राहिल्या. पैसे नक्की कापणार नाही ना, हे विचारायला.

सगळं जमलं असं नाही. हिवाळ्यात रविवारी सकाळी आम्ही गावच्या चर्चला निघालो की रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या लागतात. बीडकडून, विजापूरकडून आलेल्या टोळ्या. चढावर बैलांच्या तोंडाला फेस, गाडीवान जू धरून ओढतोय, मागून बाई दगड लावतेय. हंगाम संपेपर्यंत त्यांना वार नाही. सोमवारही नाही. मुलगा, मुलगी, गडी, बैल, वेशीच्या आतला उपरी, आज्ञेतली सगळी यादी त्या एका गाडीवर चढ चढत असते. आम्ही गाडी बाजूला घेऊन त्यांना वाट देतो आणि पुढे जाऊन 'देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा राहिला आहे' हे इब्री लोकांस लिहिलेलं वचन ऐकतो. आमच्या साखरेच्या डब्यात त्यांचा रविवार आहे. याचं काय करायचं, मला अजून सापडलेलं नाही. मी मंडळीच्या बैठकीत दोनदा विषय काढला. हंगामात रविवारी दुपारी त्यांच्या पालांवर जायचं, मुलांना बघायचं, जखमा धुवायच्या, एवढं ठरलं. मी जाते. ते पुरेसं नाही, हेही मला कळतं.

चूल बंद ठेवल्याच्या पहिल्या रविवारी आई सवयीनं अर्पणाच्या वेळी उठली. वहिनीनं तिचा पदर धरून तिला बसवलं. शेवटचं गीत झालं. पाळकांनी हात उचलले. सगळे उभे राहिले, आईही, जेवढं उभं राहता येईल तेवढं. 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं संरक्षण करो,' पाळक म्हणत होते. तिनं मान वर करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग तशीच खाली बघत ऐकत राहिली. चाळीस वर्षांत रविवारचा आशीर्वाद तिनं दारातूनही ऐकला नव्हता.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. माणसं पांगली, पोरं चपला शोधत होती, घंटेची दोरी वाऱ्यानं हलत होती. मी म्हटलं, चल, उन्हं चढली.

"थांब की," आई म्हणाली. "घरी काय काम हाय?"